न उतरणारे वळ

"माझ्या नवऱ्याला कुणीतरी मारतंय," पर्पेच्युआबाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या.

खासगी गुप्तहेर रुचिरा धोंडच्या अंधेरीतल्या कार्यालयात तिचे मदतनीस श्यामसुंदर कोपर चोळत बसले होते. मागच्या आठवड्यात रिक्षाच्या दांड्यावर ते आपटलं होतं.

पर्पेच्युआबाईंनी मोबाईल पुढे केला. फोटोत उजव्या नडगीवर जांभळे वळ होते.

"हा मागच्या महिन्यातला. काल पाहिले, तसेच आहेत. लिओनार्ड विचारलं की चिडतो. सुगंधा त्याला सांभाळते. ईस्टरनंतर त्याचा पाय सुजायला लागला, तेव्हा ठेवली. आमच्या मुलाने, ॲश्लीने, गल्लीत उभं राहून तिला मारकुटी म्हटलं. संध्याकाळी तो पोलिसांकडे जाणार आहे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"ती त्याला भरवते ते मी बघते ना. माझं मन घेत नाही."

मरोळच्या गावठाणातलं घर बैठं होतं. लिओनार्ड पायांवर चादर घेऊन बसले होते. शेजारी गोळ्यांची डबी होती.

"पाय बघू का?" रुचिराने विचारलं.

"नको. म्हातारा आहे, पडतो इकडेतिकडे."

सुगंधा स्वयंपाकघरात पिशवी भरत होती.

"तेंच्यावर हात उगारूक नाय मी," ती म्हणाली. "पायांका तर हातच लावूक देत नाय. मोजे घालून आंघोळीक जातत."

"तसं असेल तर बोलली का नाहीस?" श्यामसुंदरांनी दरडावलं.

"माका विचारल्यान कोणी? नुसते ओरडले."

ॲश्ली अंगणात येरझाऱ्या घालत होता.

"हिचंच काम आहे. मम्मीची किडनी आहे डॅडीत, ठाऊक आहे? दोन वर्षं झाली. इतकं सांभाळलं, आणि ही बाई...! डॅडी तर हल्ली वेड्यासारखाच करतो. पवित्र गुरुवारी फादर पाय धुतात ना, सगळ्यांनी उजवा पाय पुढे केला, याने डावा! फादर खुणावतायत, हा ऐकेचना. उजवा मोजा काढलाच नाही. अख्खं चर्च बघत होतं यार."

रुचिरा फाटकाबाहेर गेली. तिने ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञांना फोन लावला. परत आली तेव्हा तिने सगळ्यांना लिओनार्डभोवती बसवलं.

"श्यामकाका, बाही वर करा."

"माझी?" त्यांनी ती कशीबशी सरकवली. कोपराभोवती हिरवट पिवळं झालं होतं.

"मार लागला की रक्त त्वचेखाली साकळतं. शरीर ते हळूहळू शोषून घेतं आणि रंग बदलतो. आठवड्यात हे पिवळं पडलं. लिओनार्डकाकांचे वळ महिनाभर जांभळेच आहेत. म्हणजे ते माराचे नाहीत."

"मग कसले?" ॲश्ली म्हणाला.

"ईस्टरच्या आधी, पवित्र गुरुवारीही, हे डाग उजव्या पायावर होते. म्हणून डावा पुढे आला. सुगंधा आली ईस्टरनंतर."

"म्हणजे ती यायच्या आधीच?" ॲश्ली म्हणाला.

"किडनी टिकावी म्हणून काका प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतात. काही माणसांत एक विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप असतो, काही करत नाही. पहारा ढिला पडला की तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी वाढवतो. त्यांचे जांभळे डाग दिसतात, पायही सुजू शकतो. त्वचेचा तुकडा तपासल्याशिवाय डॉक्टर ठाम सांगणार नाहीत. पण काका, इतकं लपवताय म्हणजे तुम्हाला नाव ठाऊक आहे."

"कापोसी सार्कोमा," लिओनार्ड पुटपुटले. "मोबाईलवर वाचलं."

"कॅन्सर?" पर्पेच्युआबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"तो एड्सवाल्यांना होतो ना?" ॲश्ली अडखळला.

"त्यांनाही होतो. त्यांचीही प्रतिकारशक्ती खचलेली असते. इथे ती औषधांनी दबली आहे."

"पण लपवलं कशाला?" श्यामसुंदरांनी विचारलं. "लाजेपोटी?"

रुचिराने मान हलवली. "यावर आधी तीच औषधं कमी करतात, नाहीतर बदलतात. मग शरीर किडनी नाकारण्याचा धोका असतो."

लिओनार्ड बायकोकडे बघत नव्हते. "तुझी आहे ती, पर्पेच्युआ. तू पोट फाडून दिलीस. ती घालवून मी जगू?"

"आणि त्यापायी या पोरीला चोरासारखी घालवणार होतास?" त्या ताडकन म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "मी किडनी दिली ती तुझ्यासाठी, लिओ. तुला किडनीसाठी नाही ठेवलेलं. उद्या डॉक्टरकडे जायचं."

"औषधं बदलूनही किडनी पुष्कळदा टिकते," रुचिरा म्हणाली. "हमी मात्र कुणी देणार नाही."

"न देऊ दे."

ॲश्ली सुगंधासमोर उभा राहिला. "चुकलं माझं."

"हयसर नको," ती म्हणाली. "ओरडलास खंय? गल्लीत ना?"

तो फाटकाकडे वळला, तेवढ्यात लिओनार्ड भिंतीला धरून उठले.

"थांब. गप्प मी बसलो होतो. मी सांगतो."

त्यांनी दोन्ही मोजे काढले आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. सुगंधाने आपणहून खांदा पुढे केला. तिला धरून ते भर दुपारी गल्लीत उतरले आणि त्यांनी समोरच्या घराला हाक मारली.