बाबांचा उजवा हात

"आधी यादी काढ. कुठलं बटण काय करतं ते बघ, मगच हात लाव."

बाबांचं हे वाक्य लेकीच्या कानात अजून होतं. दोघं एकाच वेधशाळेत कामाला. तापमानाच्या नोंदी संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून लावायच्या. तिथे माऊसला कोणी विचारत नाही. कंट्रोलसोबत एखादं अक्षर दाबलं की शब्द खोडला जातो, जुनी आज्ञा परत येते. आणि कुठल्या अक्षराला कुठलं काम द्यायचं, ते आपल्या मर्जीवर.

बाबांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्यांनी सगळी कामं कीबोर्डच्या डाव्या बाजूला आणून बसवली. "उजवा हात तू आहेसच की," म्हणून हसायचे. बोटांना येणाऱ्या मुंग्या त्यांनी अंगावर काढल्या होत्या, ते मात्र मनाला लागून राहिलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं, "तुला कधी असं झालं तर तडक डॉक्टर गाठायचा. आईला तुझ्याशिवाय कोण आहे?"

ते गेले. टेबल तिच्याकडे आलं. बटणं तिने तशीच ठेवली. तिचा डावा हातही आता त्यांच्याच वळणावर गेला होता.

एका दुपारी जुनी आज्ञा शोधायला तिने कंट्रोल-आर दाबलं. काहीच झालं नाही. यादी काढली, तर ते काम कंट्रोल-ओ वर जाऊन बसलेलं.

"मूळची मांडणी परत आली असेल, बाईसाहेब," शेजारच्या टेबलावरचा नकाशेवाला म्हणाला.

"मुळातही ते आर वरच असतं."

"मग कीबोर्डवर उंदीर नाचला असेल. डबा खाताना सांडत जाऊ नका."

ती हसली नाही. बाबांनी बटणांची मांडणी ज्या फाइलमध्ये लिहून ठेवली होती, ती तिने उघडली. शेवटच्या बदलाची तारीख त्यांच्या हयातीतली. आत एक अक्षर बदललेलं नव्हतं.

तिने काम पुन्हा आर वर आणलं. सकाळी ते परत ओ वर होतं. शिवाय शब्द खोडणं पी वर, ओळीच्या सुरुवातीला जाणं एल वर. सगळं उजवीकडे.

मग तिने बदलणं सोडून दिलं. जेवताना आईला हळूच म्हणाली, "आई, बाबांचा उजवा हात बरा झालाय गं."

आईने तिच्या पानात भात वाढला. "तसं असेल तर देवाचे उपकार. तू मात्र जिवाला जप. हल्ली तुझ्या हातून भांडी सुटतात."

दुसऱ्या दिवशी तिने यादी काढली. डावीकडच्या एकाही अक्षराला काम उरलं नव्हतं.

तिने उजवा हात कीबोर्डवर ठेवला. प्रत्येक बटण बोटाखाली आपसूक आलं. ताणावं लागलं नाही.

बाबांची बोटं लांब होती. ही मांडणी तिच्यासारख्या आखूड बोटांची होती.

तिने डाव्या हाताकडे पाहिलं. मुंग्या कधीपासून येत होत्या, आठवेना. करंगळी उचलून पाहिली.

उचलली गेली नाही.

"एवढ्यात निघालात?" नकाशेवाल्याने विचारलं.

"डॉक्टरकडे," ती म्हणाली, आणि पर्स उजव्या खांद्याला अडकवून जिना उतरू लागली.