दुसरी पट्टी

बायको दवाखान्यात जायच्या आधी माझ्यासाठी बोलून ठेवून गेली. मला वाचायला वेळ लागतो, एकेक अक्षर जुळवत बसावं लागतं, हे तिला ठाऊक. म्हणून तिने चिठ्ठ्या लिहिल्या नाहीत. कॉम्प्युटरसमोर बसली आणि बोलून रेकॉर्ड केलं. पाण्याचा नळ कुठून बंद करायचा, लोकरीचे कपडे कुठल्या पेटीत, भांडं करपलं तर काय करायचं. मधे खोकते, मधे मलाच रागावते. "ऐकताय ना? की लागला डोळा?" असं विचारून हसते.

परत आली नाही ती.

मी रोज दुपारी ते लावतो. कामं तर केव्हाच पाठ झालीत. तरी लावतो.

मग कॉम्प्युटर हँग व्हायला लागला. ऐकता ऐकता पडदा थिजायचा, माऊस हलायचा नाही, आणि तिच्या आवाजाचा बारीकसा तुकडा तेवढाच वाजत राहायचा, मी बटण दाबून बंद करेपर्यंत. आधी नुसता श्वास अडकायचा. मग एका दुपारी शब्द अडकला.

"कोण... कोण... कोण..."

त्या रेकॉर्डिंगमध्ये ती 'कोण' कुठेच म्हणत नाही. माझ्याइतकं ते कुणी ऐकलेलं नाही.

भाचीला बोलावलं. ती एका कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळते. माझ्या या जुन्या डब्यात विंडोज काढून लिनक्स तिनेच घातलेलं.

"काय खाऊ घातलंत मामा याला?"

"धूळ. दुसरं काय आहे घरात?"

हसली, पण माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "वाळलात हो." मग खुर्ची ओढून कामाला बसली. "लिनक्स तसं गुणी आहे. बंद पडायच्या आधी कुठे दुखतंय ते बहुतेक वेळा लिहून ठेवतं. इथे काहीच लिहिलेलं नाही. डबा तापतही नाही. मला रॅमचा संशय येतोय, याच्या तात्पुरत्या स्मरणाचा."

"मग मामीचं तेवढं आधी दुसरीकडे उतरवून घे."

"अजिबात नाही!" ती एवढ्या जोरात म्हणाली की मी दचकलो. "रॅम खराब असेल तर उतरवताना आवाजच बिघडायचा. मूळ फाईललाही धक्का लागायचा एखादे वेळी. आधी रोग शोधू."

दुसरी प्रत कुठेच नव्हती.

तिने डबा उघडला, आतली डिस्क काढली, स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "धरा. मामी तुमच्यापाशी. आता आत कुणी नाही."

रॅमच्या दोन हिरव्या पट्ट्या होत्या. एक काढून ठेवायची, एकीलाच तपासायचं, मग अदलाबदल, अशी तिची रीत. पेन ड्राइव्हवरून तपासणी सुरू झाली. पडद्यावर नुसते आकडे धावत होते. पहिली पट्टी निर्दोष निघाली. तिने दुसरी लावली.

"ही तपासणी मुकी असते, कान देऊन बसू नका. लाल ओळी आल्या की समजायचं, हीच ती. मी दुकानातून नवी घेऊन येते. आणि हात लावू नका हं कशाला! तुम्ही दुरुस्त केलेला मिक्सर अजून विसरले नाही मी."

ती गेली. दार लागलं.

भर दुपार. गल्लीत चिटपाखरू नाही. डब्यातला पंखा तेवढा घुमत होता आणि तापलेल्या धुळीचा वास खोलीभर हळूहळू पसरत होता. मी डिस्क मांडीवर धरून पडद्याकडे बघत बसलो. दवाखान्यात बायकोच्या उशाशी असाच बसायचो, मॉनिटरकडे बघत.

एक लाल ओळ उमटली.

"कोण?"

आवाज स्पीकरमधून आला. मी फडक्यावरून हात फिरवला. डिस्क तिथेच होती, गार.

आणखी एक लाल ओळ. "कोण आहे?"

आता तो अडकलेला तुकडा नव्हता. बेल वाजल्यावर ती आतून विचारायची ना, हात पुसत, तसं सावकाश विचारलं.

"मी... मी आहे गं."

आकडे धावत राहिले. बराच वेळ लाल काही आलं नाही. पुन्हा हाक मारावी, म्हणून तोंड उघडलं, तर...

"तुम्ही कळलात हो," ती म्हणाली. तोच जरासा वैतागलेला, मायेचा सूर. मग एकदम दबून, "तुमच्या मागे... ते कोण?"

माझ्या मागे नुसता पलंग. मी वळलो नाही. मान वळेचना. डिस्क पोटाशी घट्ट धरली. पलंग करकरला, अगदी हलकेच. दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून कुणी जपून टेकतं ना, तसा.

किल्लीचा आवाज झाला. भाची आत आली. "अगंबाई, केवढ्या लाल ओळी! सापडली की नाही? मामा, घामाघूम झालात की!"

"उकडतंय," मी म्हणालो.

तिने नवी पट्टी बसवली, पुन्हा तपासली, डिस्क जोडली. रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं. कुठे ओरखडा नाही. मग तिने त्याच्या दोन प्रती करून दिल्या आणि गुपचूप डोळे पुसले. जाताना खराब पट्टी पर्समध्ये टाकू लागली. ठेव माझ्याजवळ, असं म्हणायचं होतं मला. कशाला, असं तिने विचारलं असतं तर काय सांगणार होतो? नेऊ दिली.

आता कॉम्प्युटर हँग होत नाही. बायको मला सगळं नीट सांगते. 'कोण' मात्र विचारत नाही.

दुपारी ती बोलून संपली की मी बंद करायला हात पुढे करतो. तेव्हा मागून कुणीतरी अगदी अदबीने म्हणतं, "पुन्हा लावा ना..."

आवाज ओळखीचा नाही. पण फार एकटा आहे.

मी पुन्हा लावतो.