वालगेर्डचा दोर

हात थांबवू नका रे, लोकर पिंजत राहा. गोष्टीला कान लागतात, हात नाही. आणि ही काही ऐकीव गोष्ट नव्हे. केतिल माझा शेजारी होता.

चाचे आपल्या बेटावर उतरले त्या दिवशी त्यानं बायकोला, वालगेर्डला, पश्चिमेच्या कड्यावरून दोरानं खाली कपारीत सोडलं. तिथं पक्षी घरटी करत नाहीत, म्हणून अंडी काढायला आपलं कुणी तिकडे उतरत नाही. तिनं कमरेला दोर बांधला, तेव्हाही हा हसला.

"डावखुरी ती डावखुरीच! गाठसुद्धा उलटी मारतेस."

"सुटत तर नाही ना? मग झालं!"

"आता ऐक. मी परत दोर सोडेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. कुणी हाक मारली तरी."

ती उतरली. दोर वर ओढून हा म्हाताऱ्या आईला आणायला पळाला. वाटेतच चाच्यांनी धरला. अल्जीरच्या बाजारात गुलाम म्हणून विकला गेला आणि दहा वर्षं दगड फोडत राहिला. जगला बिचारा एकाच आशेवर, की त्याच्या वालाला, वालगेर्डला, कुणीतरी वर काढलं असेल.

सुटून आला तो ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार. संध्याकाळ झाली होती. धक्क्यावर गावातली म्हातारी उना उभी होती.

"एकटाच आलास? वालगेर्डला तिकडेच ठेवलं का मेल्यांनी?"

केतिलनं तिचा दंड धरला. "तुम्ही... शोधलं नाहीत तिला?"

"शोधलं नाही कसं? चाचे गेल्यावर कड्याकड्यावरून नाव घेऊन हाका मारल्या. पश्चिमेलासुद्धा. घसा बसला माझा. कुणी ओ दिली नाही रे, बाबा."

तो तसाच माझ्याकडे आला. दोर मागितला. मी म्हटलं, "उजाडू दे, मीही येतो." पण ऐकतोय कुणाचं! कोरा दोर मीच गुंडाळून दिला. पुढचं त्यानं मला सांगितलं ते असं.

वारा पडला होता. त्यानं दोराचं टोक खाली सोडलं आणि काठावर बसला.

एक झटका.

मग दुसरा...

तिसरा. वर ओढा. ही खूण तुम्हालाही ठाऊक आहे.

तो ओढू लागला. वजन होतं. पण बाईमाणसाएवढं नाही. फार हलकं.

"वाला, आता बोल. आता बोललीस तरी चालेल गं."

...

"बोल ना."

...

काठाशी आलं, आणि वजन गेलं.

सकाळी मी कपारीत उतरलो. हाडं होती. कड्याला पाठ टेकून बसलेली. केतिल वर एकच घोकत होता, "मीच सांगितलं होतं तिला." त्याच हिवाळ्यात तोही गेला.

तो बघा दोर, आढ्याला टांगलाय. मी दिला तेव्हा टोक मोकळं होतं. वर आलं ते कमरेएवढा वेढा घेऊन, गाठ मारलेलं. मी अजून सोडलेली नाही. धीर असेल त्यानं उठावं, हात लावून बघावं.

गाठ उलटी आहे.