आबांच्या गोळीची वेळ

तुम्हाला एक कोडं घालते. हृदयाची गोळी दिवसातून केव्हा घ्यावी? सकाळी, दुपारी, संध्याकाळी की झोपताना? उत्तर नाही आलं तरी लाजू नका. माझी आजी एवढी मोठी शास्त्रज्ञ, पण तिचं अर्धं आयुष्य या एकाच कोड्यात गेलं. आणि ज्या आठवड्यात उत्तर मिळालं, त्याच आठवड्यात आमच्या घराची पार वाताहत झाली.

मी चैत्राली. आईबाबा लडाखच्या सौरवीज केंद्रावर असतात, म्हणून मी मिरजेला आजी-आबांकडे राहून शिकते. आबांचं नाव हेमंत, ते सतारी बनवतात. आजी, म्हणजे डॉ. वृषाली शिखरे, माणसाच्या अंगातल्या घड्याळाचा अभ्यास करते. घरात चौथा आहे प्रहर. हा आजीने बनवलेला यंत्रमानव. कमरेइतका उंच, पायांच्या जागी चाकं, हातात कायम तबक. बोलतो असा, की कुणीतरी लग्नपत्रिका वाचतंय. मला तो पहिल्या दिवसापासून डोक्यात जातो.

गेल्या वर्षी आबांच्या हृदयाचं दुखणं कळलं आणि प्रहर घरात आला. तेव्हा आजीने मला सगळं नीट समजावलं होतं.

"हे बघ चैतू, आपल्या मेंदूत जैविक घड्याळ असतं (पेशींचा चिमुकला पुंजका, जो दिवस-रात्रीप्रमाणे अंगातली कामं वाढवतो किंवा मंद करतो). त्याच्यामुळे झोपेत आपला रक्तदाब उतरतो (रक्तदाब म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा रक्ताचा रेटा). उठायच्या सुमाराला तो चढायला लागतो. हृदयविकाराचे झटकेही सकाळच्या वेळी जास्त येतात."

"मग सोप्पं आहे की! तो चढायच्या आधी गोळी द्यायची."

"अगदी बरोबर. पण प्रत्येकाची चढण निराळी. एकाच माणसाचीसुद्धा रोज निराळी. म्हणून आबांच्या मनगटावर हा पट्टा. तो दिवसभर रक्तदाब मोजेल, प्रहर हिशेब करेल, आणि अगदी नेमक्या क्षणी गोळी हातात देईल."

यात न पटण्यासारखं काय होतं? मलाही पटलं. आता हृदयाची सगळी औषधं एकाच गोळीत भरलेली असतात, त्यामुळे भानगड फक्त वेळेची. प्रहर आज सकाळी उगवायचा, उद्या भर दुपारी, परवा दिवेलागणीला. "आबासाहेब, सर्वोत्तम क्षण समीप आला आहे," असं म्हणून तबक पुढे करायचा.

आणि तरीही आबांना झटका आला. गेल्या वर्षीचं दुखणं नुसता इशारा होता, हा झटका खरा होता. सतारीच्या भोपळ्यावर डोकं टेकून ते बसल्या जागी कलंडले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आजीला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदयाच्या स्नायूचा बराच भाग मेला आहे, आणि मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण दवाखान्यात ओरडत नाहीत.

त्याच आठवड्यात आजीच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. देशभरातली हजारो माणसं त्या चाचणीत होती. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले होते, म्हणजे कोण कुठल्या गटात जाणार हे कुणाच्याच मर्जीवर नव्हतं. एक गट गोळी सकाळी घेई, दुसरा रात्री. कित्येक वर्षं ते चाललं होतं. निकाल काय? दोन्ही गटांत झटके सारखेच. फरक नाही.

आजीने तो वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "संपलं." मग तिने प्रहरचा हिशेबाचा कळफलक बंद केला आणि ती तिच्या खोलीत जाऊन बसली.

आबांना घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "गोळी रोज एक. एकही चुकवायची नाही, आता हृदयाला तेवढी ताकद उरलेली नाही. वेळ काय, ती मॅडम सांगतील. त्यांच्यापुढे आम्ही काय बोलायचं?" आणि मॅडम तर बोलायलाच तयार नव्हत्या.

"आबा, गोळी घेताय ना?" मी विचारलं. दुपार कलायला लागली होती. गोळी वाटीत तशीच होती.

"आजी सांगेल तेव्हा घेईन."

"ती काही सांगत नाहीये! घ्या ना तुम्हीच."

 आबा छताकडे बघत हळूच म्हणाले, "चैतू, तुझी आजी कधी गप्प बसते का गं? गोळीची वेळ सांगायची म्हटलं की तिचं तास तास व्याख्यान. आता तोंडातून शब्द नाही. मला कळतं त्याचा अर्थ. आता वेळ सांगून उपयोग नाही, असं झालंय तिचं. तसं असेल तर उगाच गोळ्या कशाला गिळायच्या?"

 आजी गप्प होती ती स्वतःवर चिडून, आणि हे बिछान्यात पडून समजत होते की आपण मरणार! दोघंही एकाच घरात, आणि मधे फक्त एक भिंत. मी आजीच्या दारावर थाप मारली. "नंतर," एवढंच उत्तर आलं.

राग आला की मला काहीतरी आपटायला लागतं. म्हणून मी कारखान्यात गेले आणि आबांचे खुंटीवरचे सदरे धुवायला ओढून काढले. कारखाना म्हणजे अंगणापलीकडची आबांची कामाची खोली. खिसे उलटे केले, तर एकातून गोळ्या पडल्या. दुसऱ्यातून आणखी. तिसरा सदरा बहुतेक धुऊन आला होता, त्याच्या खिशाच्या शिवणीत पांढरा चुरा घट्ट बसला होता.

मी त्या गोळ्या ओंजळीत घेऊन आबांपुढे उभी राहिले.

आबा लहान मुलासारखे ओशाळले. "अगं, जवारी लावत असतो मी." जवारी म्हणजे सतारीची तार ज्या चपट्या पट्टीवर, म्हणजे घोडीवर टेकते, तिचा माथा कानसेने इतका हलका घासायचा की तार छान झणकारली पाहिजे. "मधेच हात थांबला की कान सुटतो. मग सगळं पहिल्यापासून. तेवढ्यात तो प्रहर यायचा तबक घेऊन. म्हणायचो, ठेव खिशात, घेतो नंतर. मग डोक्यातून जायचं."

"आजीला सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? इतक्या हौसेने बनवलंय तिने ते. आणि हे बघ, आताही सांगू नकोस. खचून जाईल ती."

मी काहीच कबूल केलं नाही. थेट प्रहरसमोर गेले.

"काय रे, आबांना सगळ्या गोळ्या दिल्यास ना?"

"प्रत्येक गोळी आबासाहेबांच्या हाती सुपूर्द केली आहे."

"त्यांनी गिळल्या का?"

"तो प्रश्न मला आजवर कोणीही विचारलेला नाही."

"अरे मेल्या, तू स्वतः विचारायचंस ना!" मला रडूच आलं. थोडा वेळ रडून घेतलं. प्रहरने तबकातून रुमाल पुढे केला, तो मी घेतला, आणि नाक शिंकरता शिंकरता मला एक सुचलं. गोळी कुठे दिली, एवढं तरी याला ठाऊक असणार.

"पट्ट्याने मोजलेला रक्तदाब भिंतीवर दाखव. गोळी घरात दिली ते दिवस निळे कर. कारखान्यात दिली ते लाल."

भिंतीवर रेघा उमटल्या. घरात दिलेली गोळी आबा प्रहरसमोरच पाण्याबरोबर घ्यायचे, म्हणजे निळे दिवस गोळी पोटात गेल्याचे. लाल दिवस खिशात गेल्याचे. निळ्यांत सकाळची गोळी होती, दुपारची होती, रात्रीची होती. आणि सगळ्या निळ्या रेघा जवळपास सारख्याच, शहाण्यासारख्या खाली. लाल दिवस लागोपाठ आले की मात्र रेघ वर चढत गेलेली. झटक्याच्या आधीचे दिवस सगळे लाल होते.

"प्रहर, या गोळीचा असर किती वेळ टिकतो?"

"संपूर्ण दिवस आणि रात्र, आणि त्यापलीकडेही किंचित."

आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. ती एकदा भरली की दुसऱ्या दिवसापर्यंत नळाला पाणी येतं. मग पंप सकाळी लावा नाहीतर संध्याकाळी, नळाला काय त्याचं? पण पंप लावायलाच विसरलात, तर घर कोरडं पडतं. गोळीचं अगदी तेच होतं. आजी पंप लावायचा मुहूर्त शोधत राहिली होती, आणि इकडे टाकी रिकामी.

यावेळी मी थाप मारली नाही, सरळ दार ढकललं. आजी अंधार करून बसली होती. मी गोळ्या आणि तो चुरा तिच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

आजीने एक गोळी उचलली, बोटांत फिरवली. तिचा चेहरा इतका पांढरा पडला की मला वाटलं, आता हिलाच काहीतरी होतंय.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "रोज एका वेळी दिली असती तर त्याने घेतली असती. मीच केलं हे त्याचं. आणि कशासाठी? ज्या गोष्टीने काहीच फरक पडत नाही तिच्यासाठी. आयुष्य घातलं गं मी, आणि हाती आलं शून्य."

तिला असं रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं.  मला खोटं बोलता येईना, कारण तिचं अर्धं म्हणणं खरंच होतं.

"आजी, शून्य आलं म्हणजे उत्तर नाही आलं असं थोडंच आहे?" मी म्हटलं. "सकाळ आणि रात्र सारखीच, हे हजारो माणसांना विचारून कळलंय ना? मग गोळी कधी घ्यायची ते आता ज्याचं त्याला ठरवता येईल. आधी असं छातीठोकपणे कोण सांगू शकत होतं? तू सांगू शकतेस. फक्त तू."

 ती डोळे पुसत, सवयीने, शिकवायलाच लागली. "सरसकट नाही हं. लघवी जास्त व्हायची गोळी असते, ती शक्यतो सकाळीच घ्यायची. नाहीतर रात्रभर मोरीकडे खेपा, आणि म्हातारं माणूस अंधारात पडायचं. काही औषधं जेवणाबरोबर, काही उपाशीपोटी. म्हणून वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारूनच." (तुम्हीही लक्षात ठेवा. गोष्ट वाचली म्हणून घरातल्या कुणाच्या गोळीच्या वेळा आपल्या मनाने बदलायला जाल, तर माझ्याशी गाठ आहे.) "पण हेमंतची ही गोळी कधीही चालते."

"मग जा ना आणि सांग त्यांना! त्यांना वाटतंय की तू गप्प आहेस, कारण ते मरणार आहेत."

"काय?" आजी ताडकन उठली. चष्मासुद्धा तिथेच राहिला.

आबांनी तिला दारात पाहिलं आणि उशीवर थोडे सावरून बसले. "सांग वृषाली. जे असेल ते सांग. मी ऐकून घेईन."

"काही सांगायला नाही आले. विचारायला आलेय." आजी खाटेच्या कडेवर बसली. "हेमंत, तुझ्या दिवसात अशी कुठली गोष्ट आहे, जी काही झालं तरी चुकत नाही? तिच्याबरोबर गोळी घ्यायची. मी तुला हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. माझं चुकलं रे."

आबा हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. "आता कसला दिवस? कानस धरायला हातात जोर नाही. चहा बंद, फिरणं बंद. नुसतं पडून राहायचं. काय न चुकणार आहे त्यात?"

  बाहेर प्रहर चाकं वाजवत उगाच इकडून तिकडे करत होता.

"एक करशील?" आबाच म्हणाले. "जेवायला बसशील? माझ्यासमोर, रोज रात्री. तू कामात असतेस म्हणून लग्न झाल्यापासून तुझं ताट झाकून ठेवत आलोय मी. तू समोर बसलीस, तर गोळी मला आठवेल. नाही आठवली, तर तू आहेसच."

आजीने त्यांचा हात घट्ट धरला. "बसेन."

"किती दिवस बसशील?"

"आहोत तितके दिवस."

किती ते डॉक्टरांनाही माहीत नाही. आबांच्या हृदयाचा जो भाग गेला तो गेला, आजी कितीही वेळेवर येऊन जेवली तरी तो परत यायचा नाही. मला त्या रात्री जेवतानाही हे कळत होतं. आजी मात्र भाकरी मोडता मोडता म्हणाली, की आता नवी चाचणी घ्यायची. गोळी केव्हा घ्यावी हे नाही शोधायचं, माणूस ती कशाने विसरतो ते शोधायचं. आणि सुरुवात माणसांना विचारण्यापासून करायची.

आबांनी गोळी जिभेवर ठेवली, वरून पाणी घेतलं, आणि बालवाडीतल्या पोरासारखं तोंड उघडून आजीला दाखवलं. आजी आधी हसली. मग हातातला घास ताटात ठेवून हमसून हमसून रडायला लागली, पण पानावरून उठली नाही.