सतरावा फॉर्म

"मॅडम, तुमचा बारावा प्रश्न चुकलाय," माझ्या फॉर्मच्या प्रतींचा गठ्ठा पुढे ठेवत तो म्हणाला.

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी, तो हॉस्पिटलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाचा मालक. ओळख पाच मिनिटांची. मी रागावून निघूनच गेले असते... पण बाहेर पावसानं वाट अडवली होती.

'घरातल्या आजारी माणसाची काळजी घेण्याचा कंटाळा येतो का?' हा तो प्रश्न. याला कोणीही 'हो' म्हणणार नाही, असं त्याचं म्हणणं. त्याचे वडील तीन वर्षं अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते.

"त्यापेक्षा असं विचारा — स्वतःसाठी शेवटचं कधी बसलात?"

मी प्रश्न बदलला. मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी साडेचारला प्रती काढायला जाऊ लागले. कधी कधी तर एकाच पानाची. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात, ते हेच.

हा सगळा खटाटोप एका शिष्यवृत्तीसाठी होता. विकसनशील देशांतल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परदेशातलं एक विद्यापीठ दोन वर्षं शिकवणार, राहायची सोयही करणार. आमच्या घरच्या ऐपतीत पुढचं शिक्षण बसत नव्हतं. ही मिळाली तर मिळाली, नाहीतर शिक्षण संपलं. अर्जासोबत स्वतः केलेला एक छोटा अभ्यास हवा; माझ्या अभ्यासासाठी घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्या तीस जणांनी भरलेले फॉर्म हवेत, एकही कमी चालणार नाही. फॉर्मवर नाव नाही, फक्त क्रमांक.

सतरावा फॉर्म उघडला आणि अक्षर ओळखलं. दुकानाच्या पाटीवर त्यानं हातानं लिहिलेलं, तेच लांब शेपटीचं अक्षर. बाराव्या प्रश्नाखाली लिहिलं होतं, 'मंगळवार, शुक्रवार. साडेचार ते पाच. तिच्या प्रती निघेपर्यंत.'

मी तो फॉर्म गुपचूप गठ्ठ्यात ठेवला. नाव विचारणार नाही असं ज्याला सांगितलंय, त्याला 'हे तुम्हीच लिहिलंत का' असं कोणत्या तोंडानं विचारणार? त्यानंही विषय काढला नाही.

शेवटची तारीख शुक्रवारची, संध्याकाळी पाचपर्यंत. दुकानात बसून कागद लावताना एक हमीपत्र हाती आलं. फॉर्म भरणाऱ्यांपैकी कोणाशीही माझे जवळचे संबंध नाहीत, असं त्यावर लिहून द्यायचं होतं. कॉलेजातल्या मार्गदर्शक बाईंना फोन केला. "सही करून मोकळी हो, कोण बघायला येतंय?" त्या म्हणाल्या. तसं पाहिलं तर खोटं काहीच नव्हतं. तो दुकानदार, मी गिऱ्हाईक. पण पेन कागदावर टेकेना. माझं त्याच्यावर प्रेम होतं, आणि हे मला एका सरकारी थाटाच्या हमीपत्रानं सांगावं लागलं.

सतराव्या फॉर्मवर लाल रेघ मारली, खाली कारण लिहिलं आणि गठ्ठा त्याच्याकडे स्कॅन करायला दिला.

तो एकेक पान काचेवर ठेवत होता. सतराव्यापाशी थांबला.

'रद्द. कारण: अभ्यास करणारी व्यक्ती हा फॉर्म भरणाऱ्यात गुंतली आहे.'

"हे... खरं आहे?"

"अर्जाला जोडायचंय. खोटं कसं लिहीन?"

त्यानं ते पान काचेवर ठेवून स्कॅन केलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आता एकोणतीसच. अर्ज बाद होईल."

'होऊ दे' असं म्हणणं किती सोपं होतं... पण मला म्हणवलं नाही. डोळे भरून आले. मला तो हवा होता आणि मला जायचंही होतं.

त्यानं घड्याळ पाहिलं. चार वीस. पाचपर्यंत वडिलांजवळ त्याची आत्या बसायची. तिला त्यानं फोन करून आणखी तासभर थांबायला सांगितलं. मग समोर हॉस्पिटलच्या दाराकडे बोट दाखवलं. "त्या बाकावर नवऱ्याची फाईल घेऊन एक काकू रोज बसतात. त्यांना कोणी कधी काही विचारत नाही. तुम्ही विचारा. मी पानं लावून ठेवतो."

काकूंनी सगळ्या प्रश्नांची सावकाश उत्तरं दिली. बाराव्याला मात्र त्यांनी मांडीवरची फाईल बाजूला ठेवली.

"स्वतःसाठी? आत्ता बसलेय की... तुझ्याशी बोलत."

चार सत्तावन्नला अर्ज गेला.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "बाबांना सोडून मला कुठे येता येणार नाही."

"तुम्ही नका येऊ. शिकून झालं की परत येऊन इथंच काम करायचं, अशी अट आहे."

"माहितीय. प्रती काढताना तुमच्याआधी मीच वाचली होती ती."

त्यानं मशीन बंद केलं आणि दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं. पाच वाजून गेले होते. काढायच्या प्रती उरल्या नव्हत्या. तरी आम्ही बसलो.