तिबोच्या वाट्याचं कुंपण

भुताखेतांना मी तेव्हाही मानत नव्हतो, आजही मानत नाही. कॉलेज करून मी मिसिसिपीकाठच्या आमच्या गावी परतलो, तो कष्टकऱ्यांच्या जमिनी त्यांच्या नावावर करून द्यायला. स्पेनची सत्ता गेली होती. जुन्या वसाहतकऱ्यांचे जमिनीवरचे दावे नवं अमेरिकन सरकार तपासत होतं आणि मी त्या कचेरीत कारकून होतो.

अंब्रोझ तिबो मरून आठ वर्षं झाली होती. एकुलती मुलगी फेलिसिते नदीच्या वरच्या अंगाला एका शहरात लोकांचे कपडे धूत होती. जमीन टाकून दिली असं ठरलं, तर ती सरकारजमा होणार होती. आमच्याकडे सगळ्या शेतांना मिळून एकच कुंपण. ज्याने त्याने आपल्या वाट्याचा तुकडा दर वसंतात दुरुस्त करायचा. तुकडा पडला की हक्क गेला. म्हणून एप्रिलमधल्या एका दुपारी मी फेलिसितेला घेऊन तो तुकडा बघायला गेलो.

कुंपण ताठ उभं होतं. एकूण एक मेढ नवी, ओली, चीक गळणारी. शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या ओनेझिमला मी विचारलं, हे कोण करतं?

"ज्याचं आहे तो."

"तिबो मेलाय, काका."

"मेलाय की. मीच माती लोटली. तू शिकलेला, तूच समजाव त्याला."

तेवढ्यात नदीवरून धुकं आलं. ताज्या कापलेल्या देवदाराचा वास आला, आणि धुक्यात कुठेतरी कुऱ्हाड चालू लागली. फेलिसितेने माझी बाही धरली.

"बाबा असेच तोडायचे... दोन घाव, मग दम..."

मला राग आला. कुणीतरी चेष्टा करत होतं. मी धुक्याच्या दिशेने ठणकावून सांगितलं, की जमीन वारसांनाच मिळेल, फक्त वारसांनी इथे राहायला हवं.

कुऱ्हाड थांबली.

जूनमध्ये मंजुरी आली: मयत अंब्रोझ तिबो याचा दावा वारसांकडे कायम, वारसांनी तिथे राहण्याच्या अटीवर. एका धोबिणीने सरकारकडून जमीन मिळवली! मला अभिमान वाटला, अजून वाटतो. फेलिसिते बापाच्या झोपडीत राहायला गेली.

ऑगस्टमध्ये ओनेझिम कचेरीत आला. मला झोपडीकडे घेऊन गेला. झोपडीभोवती आता चारही बाजूंनी कुंपण होतं, दोन पुरुष उंच. फाटक नाही. फटीत बोट जाईना. मी हाका मारल्या. बऱ्याच वेळाने आतून, अगदी लाकडाला तोंड लावल्यासारखा, तिचा आवाज आला.

मी म्हटलं, माणसं आणतो, हे तोडतो.

"नको, ल्युसिएन... बाबा जवळच उभेत. ते विचारतायत... किती वर्षं राहायचं, ते कागदात लिहिलंय का?"

मंजुरीची नक्कल माझ्या खिशात होती. मी ती तिथेच उभ्या उभ्या दोनदा वाचली. मुदत कुठेच लिहिलेली नव्हती.