हाकेआधी ओ

ओटा पुसून झाला, पंखा दोनवर केला आणि सूनबाई लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. गुरुवारी सासूबाईंच्या घशातली गाठ काढायची होती. सर्जन म्हणाले होते, "जिवाला धोका नाही. आवाजाचं मात्र आत्ता सांगता येणार नाही."

आता ज्या बाईने चाळीस वर्षं गळ्यातून देवाला आळवलं, दुसऱ्यांनाही आळवायला शिकवलं, तिचा जीव आवाजाहून वेगळा काढायचा कसा? म्हणून ही धडपड. गाण्याचे बारा धडे, गुरुवारच्या आत, वेबपेजवर. अकरा झाले होते. बाराव्याच्या आधीच सासूबाईंचा गळा बसला, तो बसलाच.

सूनबाईचं काम मोठं नेटकं. सगळे धडे एकदम लादले तर पान उघडता उघडत नाही. म्हणून प्रत्येक धड्याची वेगळी स्क्रिप्ट फाइल, बाहेरच्या सर्व्हरवर ठेवलेली. शिकणाऱ्याने धडा निवडला की पान त्या फाइलला हाक मारणार, मग ती आवाज आणि ओळी घेऊन हजर. लहान घरात सगळे पाहुणे एकदम बोलवत नाहीत, तसं.

"गाणं काय डब्यात भरून ठेवतेस गं?" सासूबाई घोगऱ्या आवाजात चिडवत.

"डब्यात नाही, आई. हाक मारली की ओ देतं."

चाचणीसाठी तिने सगळ्या फाइलींना ओळीने हाक मारली. घाईत आकडा बारा राहिला होता. बारावी फाइल अस्तित्वातच नव्हती, तेव्हा लाल अक्षरांत 'सापडली नाही' असं यायला हवं होतं.

ती आली.

सूनबाईने वेळ पाहिली. हाक अकरा वाजून चार मिनिटं सात सेकंदांनी. फाइल पोचली त्याच मिनिटाच्या पाचव्या सेकंदाला, हाकेच्या दोन सेकंद आधी.

तिने डोळे चोळले, पान पुन्हा उघडलं. या खेपेला फाइल नऊ सेकंद आधी.

घाबरण्याआधी तिला गंमतच वाटली. तिने सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन लावला. कुठल्याही दुखण्यावर त्याचा उपाय एकच, म्हणून सगळे त्याला प्लगदादा म्हणत.

"वहिनी, फोल्डरात अकराच आहेत."

"मग मला बारावी कोण पाठवतंय?"

"प्लग काढून लावा."

"दादा, लॅपटॉप बॅटरीवर आहे."

"मग चहा घ्या," प्लगदादा म्हणाला. मग हळू आवाजात, "आणि ती फाइल आधी मला पाठवा. उघडू नका."

तिने बारा खोडून अकरा केलं. आता बाराव्याला हाक मारणारं पानावर कोणी उरलं नव्हतं. तरी आलेल्या फाइलींच्या यादीत बारा ओळी आल्या. फाइल कुणी मागवली ते दाखवणारा रकाना अकरा ठिकाणी भरलेला, शेवटच्या ओळीत कोरा.

तिने हेडफोन लावला.

गाणं होतं. भरलेला, मोकळा गळा, घोगरेपणाचा लवलेश नाही. स्वर लावायची रीत सासूबाईंचीच, शब्दाआधी घेतलेला तो छोटा श्वासही त्यांचाच.

हा धडा अजून व्हायचा आहे. म्हणजे आवाज राहणार! हेडफोन काढून, लॅपटॉप उचलून ती आतल्या खोलीत धावली.

"आई, ऐका. तुमचा बारावा धडा."

सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. पहिली ओळ, दुसरी. त्यांचा चेहरा उजळला.

"किती गोड लागलाय गं. पण हा मी नव्हे."

"असं काय करता? तुमचाच आहे."

"आपला आवाज आपल्याला कधी ओळखू येत नाही. हा तुझा आहे, वेडे."

"मी कुठे गाते?"

"गातेस की. अकरा धडे ऐकून ऐकून आलंय तुला."

सूनबाई हसली. सासूबाईही हसल्या. गाणं चालू होतं.

तिसऱ्या ओळीला स्वर किंचित उतरला.

सासूबाईंचा हात आपसूक वर गेला, थांब म्हणायला, जसा चाळीस वर्षं जात आला होता. धड्यातला आवाज मात्र थांबला नाही. तोच उतरलेला स्वर घेऊन चौथ्या ओळीत शिरला, मग पाचव्या.

हात तसाच हवेत राहिला.

"इथे चुकलीस बघ," त्या हळूच म्हणाल्या. "मग मी तुला थांबवलं कसं नाही?"